गोदाकाठच्या विहिरीतील पीफास : पाण्यातून आणि मातीतून ते खरोखर काढता येतात का?

सायखेडकर

नमस्कार.

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, गोदावरीच्या पात्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आहे. बागेला विहिरीचे पाणी ठिबकने देतो, विहीर खाली गेली की नदीवरून उचललेले पाणी तिच्यातच सोडतो, आणि घरात प्यायलाही तेच पाणी वापरतो. यंदा माल पाहायला आलेल्या निर्यातदाराच्या प्रतिनिधीने कीडनाशकांच्या अंशांची नेहमीची यादी संपल्यावर ‘पाण्याची पीफास तपासणी कधी केली आहे का?’ असे विचारले. अट अशी काही घातली नाही; पण तेव्हापासून मी या विषयावर जे मिळेल ते वाचतो आहे, आणि हाती लागणारा मजकूर एक तर अमेरिकेतील खटल्यांचा असतो, नाहीतर शुद्धीकरणाची यंत्रे विकणाऱ्यांचा.

माझ्या समजुतीप्रमाणे पीफास ही कार्बनच्या साखळीला फ्लोरीन जोडून माणसाने तयार केलेली हजारो रसायने असून नॉनस्टिक भांडी, डाग न धरणारे कापड, तेल न शोषणारा कागद, विमानतळावर आग विझवण्यासाठी वापरला जाणारा फेस आणि क्रोम प्लेटिंग अशा अनेक ठिकाणी ती वापरली गेली आहेत. आमच्या वरच्या अंगाला सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती आहेत, त्या बाजूने येणारी नासर्डी गोदावरीला मिळते, आणि शहराच्या मलशुद्धीकरण केंद्रांतून बाहेर पडणारे पाणीही नदीतच येते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदी आमच्या बागेतून गेली आणि जाताना गाळाचा जाड थर ठेवून गेली, जो आम्ही मशागतीत जमिनीतच मिसळून टाकला. माझ्या पाण्यात किंवा मातीत हे पदार्थ आहेत की नाहीत हे मला आज ठाऊक नाही, त्यामुळे कोणावर आरोप करण्याचा हेतू नाही.

विहिरीच्या पाण्याच्या जुन्या अहवालात फ्लोराइड लिटरला ०.६ मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या आत दाखवले आहे. त्यावरून पीफासबद्दल काही अनुमान काढता येते का? एका विक्रेत्याने संपूर्ण विहिरीच्या पाण्यासाठी ‘पीफासमुक्त’ करणारा संच सुचवला आहे, तो घ्यावा का? आणि मुख्य म्हणजे, गाळणीत अडकलेले हे रसायन पुढे कुठे जाते? ते नष्ट होत नसेल, तर आपण ते फक्त आपल्या विहिरीतून दुसऱ्याच्या विहिरीत पाठवतो आहोत का?

जलतंत्र

आपला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, पण त्याआधी फ्लोराइडचा विषय बाजूला करू. अहवालातील फ्लोराइड हा खडकांतून पाण्यात उतरणारा साधा आयन आहे, ज्याची पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील मर्यादा १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅम आहे. पीफासमधील फ्लोरीन कार्बनला इतका घट्ट बांधलेला असतो की त्या चाचणीत तो दिसतच नाही. शिवाय प्रमाणातही जमीन-अस्मानाचे अंतर आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफास संयुगांसाठी ठरवलेली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम आहे, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश भाग. आपल्याकडच्या २५ लाख लिटरांच्या शेततळ्यात साखरेचे पंधरा-वीस दाणे टाकावेत, एवढे ते प्रमाण भरते. टीडीएस, सीओडी, बीओडी यांपैकी कोणत्याही नेहमीच्या चाचणीला त्याचा पत्ता लागत नाही.

कार्बन-फ्लोरीन बंध तोडण्यासाठी प्रतिमोल सुमारे ४८५ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि सेंद्रिय रसायनशास्त्रातील एकेरी बंधांत हा सर्वांत बळकट मानला जातो. म्हणूनच पाणीपुरवठा केंद्रातील तुरटी, वाळूचे गाळणथर आणि क्लोरिन या नेहमीच्या क्रमातून ही संयुगे जशीच्या तशी पुढे जातात. पाणी उकळल्यानेही ती जात नाहीत. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते. मलशुद्धीकरण केंद्रात तर आणखी एक गंमत घडते. कापड आणि कागदावरच्या लेपांतून आलेली काही मोठी संयुगे तेथील जिवाणू अर्धवट तोडतात, त्यातून पीएफओएसारखी न तुटणारी आम्ले तयार होतात, आणि परिणामी केंद्रात येणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात या आम्लांचे प्रमाण जास्त आढळू शकते. त्यात केंद्र नीट न चालवल्याचा दोष असेलच असे नाही. ती व्यवस्था या कामासाठी बांधलेलीच नसते.

पाण्यातून पीफास वेगळे करण्याचे आज व्यवहारात टिकलेले मार्ग तीन आहेत. पहिला दाणेदार सक्रिय कोळशाचा. आठ किंवा अधिक कार्बनच्या लांब साखळीची संयुगे कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत चांगली धरली जातात, पण चार कार्बनची आखूड संयुगे लवकर सुटून पुढे येतात. आणि पाण्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचा सेंद्रिय अंश जास्त असेल, तर तो छिद्रे आधीच अडवून बसतो. दुसरा मार्ग ऋणायन (ऋण भाराचे कण) पकडणाऱ्या रेझिनचा, म्हणजे कृत्रिम राळेच्या बारीक मण्यांचा आहे. त्याला संपर्ककाळ कमी लागतो, दोन-तीन मिनिटांत काम होते आणि आखूड साखळीसाठी तो कोळशापेक्षा बरा ठरतो. मात्र द्राक्षपट्ट्यातील विहिरींत खतांमुळे नायट्रेट बरेच असते, आणि नायट्रेट व सल्फेट त्याच जागांसाठी स्पर्धा करतात. तिसरा मार्ग आरओचा, ज्यात लांब आणि आखूड दोन्ही साखळ्या बऱ्याच अंशी अडतात. अमेरिकेतील ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठांनी २०२० मध्ये घरगुती गाळण्यांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ओट्याखाली बसवलेल्या आरओ यंत्रांनी पीफास ९४ टक्के किंवा त्याहून अधिक कमी केल्याचे दिसले. साध्या कोळशाच्या जगवाल्या गाळण्यांचे निकाल मात्र फारच कमी-जास्त होते.

आता विक्रेत्याच्या संचाकडे येऊ. आपला पंप तासाला १० हजार लिटर पाणी देतो असे धरले आणि कोळशाशी दहा मिनिटांचा संपर्क ठेवायचा म्हटले, तर साधारण पावणेदोन घनमीटर, म्हणजे आठ-नऊशे किलो कोळसा लागेल. तोही दोन टाक्यांत एकामागे एक असावा लागतो, म्हणजे पहिल्या टाकीतील कोळशाची धरून ठेवण्याची क्षमता संपली हे दुसरीची संपण्याआधी कळते. ती संपली हे चवीवरून, वासावरून किंवा रंगावरून कधीही समजत नाही, त्यासाठी दर काही महिन्यांनी महागडी चाचणी करावी लागते. विक्रेत्याने दिलेल्या कागदात कोळशाचे वजन, संपर्ककाळ आणि बदलण्याचा निकष या तीन गोष्टी नसतील, तर त्या संचावर पैसे घालू नयेत. बागेचे सगळे पाणी शुद्ध करण्याचा विचार सध्या सोडून द्यावा आणि प्यायला-स्वयंपाकाला रोज लागणाऱ्या वीस-पंचवीस लिटरांसाठी चांगला आरओ बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्थात चाचणीनंतर गरज दिसली तरच.

मापनी

चाचणीचा विषय निघाला आहे म्हणून प्रयोगशाळेत काम करणारी व्यक्ती या नात्याने लिहिते. पीफासच्या नमुन्यांत सर्वांत जास्त घोटाळा प्रयोगशाळेत होत नाही, तो विहिरीच्या काठावर होतो, कारण मोजायचा पदार्थ नमुना घेणाऱ्याच्या अंगावरच असू शकतो. पाणी न धरणारे जाकीट, हातांना लावलेले क्रीम, खाद्यपदार्थांचा तेलरोधक कागद आणि पाइपच्या आट्यांवर गुंडाळलेली पांढरी टेफ्लॉन टेप, या सर्वांतून नमुना दूषित होऊ शकतो. म्हणून नुकताच जोड बदललेल्या नळाखाली बाटली धरू नये. बाटली एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असावी. काचेच्या बाटलीत काही संयुगे भिंतीला चिकटतात आणि अहवालात आकडा कमी येतो. सोबत प्रयोगशाळेने दिलेल्या पीफासमुक्त पाण्याची एक बाटली नेऊन ती त्याच ठिकाणी उघडून दुसऱ्या बाटलीत ओतावी. तिच्यात काही सापडले, तर ते आपल्या विहिरीतले नव्हे हे कळते. पंप आधी बराच वेळ चालू ठेवावा, नमुने बर्फावर ठेवावेत आणि लगेच पाठवावेत.

प्रयोगशाळा निवडताना दर विचारण्याआधी मापनाची खालची सीमा विचारावी. लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या खालचे ज्यांना दिसतच नाही, त्यांच्या ‘आढळले नाही’ या शेऱ्याला या विषयात काही किंमत नाही. अमेरिकेच्या ईपीए ५३३ क्रमांकाच्या पद्धतीत २५ संयुगे मोजली जातात आणि तिच्यासाठी द्रव वर्णलेखन व दुहेरी वस्तुमान वर्णपटमापन असलेले यंत्र लागते. ही पद्धत पिण्याच्या पाण्यासाठी आहे. माती, गाळ आणि सांडपाण्यासाठी १६३३ क्रमांकाची वेगळी पद्धत आहे, आणि एकाच मागणीपत्रात दोन्ही लिहून मोकळे होता येत नाही.

आणखी एक खुलासा करते. नदीवर फेस दिसला की पीफास आहेत असे समजून काहीजण त्याची छायाचित्रे पाठवतात. तो फेस बहुतेक वेळा साबणाचा, डिटर्जंटचा आणि कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

अंबडकर

मी प्लेटिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे सायखेडकर साहेबांच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांपैकीच एक. या व्यवसायातून हा पदार्थ पाण्यात कसा जातो ते सांगतो, कारण बाहेर त्याची कल्पना फार कमी लोकांना असते.

हार्ड क्रोमच्या (यंत्रभागांवर जाड, कठीण थर बसवण्याच्या) टाकीत लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल असते आणि तापमान ५०-५५ अंशांच्या आसपास ठेवतात. वीजप्रवाह सुरू झाला की जॉबवर, म्हणजे प्लेटिंग करायच्या वस्तूवर, क्रोम बसण्यापेक्षा हायड्रोजनचे बुडबुडेच जास्त निघतात; ते पृष्ठभागावर फुटताना सहासंयुजी क्रोमचे तुषार हवेत उडवतात आणि टाकीशेजारी उभ्या असलेल्या कामगाराच्या नाकात तेच जातात. हे क्रोम कर्करोगकारक आहे. ते उडू नये म्हणून टाकीत असे काही टाकावे लागते, की द्रावणाचा पृष्ठताण उतरेल आणि वर फेसाची पातळ साय धरेल. साधा साबण क्रोमिक आम्लात लगेच जळून जातो. टिकतो तो फ्लोरीनयुक्त पृष्ठसक्रियकच. पीएफओएस या कामासाठी जगभर वापरले गेले ते याच कारणाने. म्हणजे कामगाराच्या फुप्फुसासाठी केलेला उपाय नदीच्या वाट्याला आला, हे लक्षात घेतल्याशिवाय या प्रश्नाचा न्याय होणार नाही.

टाकीतून रॅक वर काढली की जॉबच्या खाचांत अडकलेले द्रावण धुण्याच्या टाकीत जाते आणि तेथून ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत. ईटीपीत आम्लता वाढवून बायसल्फाइट टाकतात, पिवळे-नारिंगी पाणी हिरवे झाले की क्रोम त्रिसंयुजी झाला असे समजते, मग चुना घालून सामू साडेआठ-नऊच्या घरात नेला की हिरवा गाळ खाली बसतो आणि फिल्टर प्रेसमध्ये त्याच्या वड्या पडतात. क्रोमसाठी ही प्रक्रिया उत्तम आहे. पण पीफासवर बायसल्फाइटचाही परिणाम होत नाही आणि चुन्याचाही नाही. काही अंश गाळाला चिकटतो, बाकीचा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत क्रोम, सीओडी सर्व मर्यादेत येते.

येथे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते विहिरीवर कोळसा बसवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. शोभेच्या क्रोमसाठी त्रिसंयुजी क्रोमची प्रक्रिया आज सहज उपलब्ध आहे, तिला ही तुषाररोधके लागत नाहीत. हार्ड क्रोममध्ये अजून सहासंयुजीला पूर्ण पर्याय नाही, पण टाकीवर झाकण, पॉलिप्रॉपिलीनचे तरंगते गोळे आणि चांगला स्क्रबर (हवा धुणारे यंत्र) यांनी तुषार बरेच आटोक्यात येतात. रॅक टाकीवर थोडा वेळ निथळू देणे, धुण्याच्या टाक्यांतील पाणी जॉबच्या उलट दिशेने पुढे नेणे आणि पहिल्या टाकीचे पाणी बाष्पीभवनाने आटवून पुन्हा प्लेटिंगच्या टाकीत घेणे, एवढे केले तरी बाहेर जाणारे पाणी फार थोडे उरते, आणि तेवढ्यासाठी रेझिनचा लहान स्तंभ पुरतो. अडचण दुसरीकडे आहे. बाजारात येणाऱ्या ड्रमवर ‘फ्युम सप्रेसंट’ एवढेच छापलेले असते. आत नेमके काय आहे हे पुरवठादाराकडून लेखी मिळवायला पाठपुरावा करावा लागतो. आणि ड्रम बदलला तरी जुन्या टाकीचे अस्तर, पाइप आणि पंप यांत मुरलेले पीएफओएस पुढेही दीर्घकाळ झिरपत राहते, म्हणून रसायन बदलताना टाकीची साफसफाई आणि ते धुवण वेगळे साठवणे, ही दोन्ही कामे त्याच वेळी करावी लागतात.

सायखेडकर

सर्वांचे मनापासून आभार. अंबडकर साहेब, आपण मोकळेपणाने लिहिलेत याचे विशेष वाटते.

आता तीन शंका उरल्या. आरओ बसवला तर त्याचे रिजेक्ट (बाहेर टाकलेले) पाणी आमच्या घरी परसातील भाजीला जाईल, ते चालेल का? दुसरे, पुराचा गाळ मिसळलेल्या काळ्या जमिनीतून हे पदार्थ काढण्यासाठी ताग, भांग किंवा जिवाणूंची कल्चरे यांचा काही उपयोग होतो का, कारण अशा जाहिराती मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. तिसरी शंका नाजूक आहे. भुरी या बुरशीरोगासाठी आम्ही ज्या फवारण्या करतो, त्यांपैकी काहींच्या सूत्रातही फ्लोरीन आहे असे एका कृषी पदवीधर मित्राने सांगितले. मग नदीकडे बोट दाखवताना आमच्या फवारणी पंपाच्या टाकीचे काय?

जलतंत्र

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती बहुतेक लोक टाळतात. ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन आणि फ्लुओपायरम या द्राक्षावरील परिचित बुरशीनाशकांच्या रेणूंत एका कार्बनला तीन फ्लोरीन जोडलेला गट आहे. रेणूचा बाकीचा भाग जमिनीत तुटतो आणि या गटापासून ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्ल, म्हणजे टीएफए, तयार होऊ शकते. हे दोनच कार्बनचे, पाण्यात पूर्ण विरघळणारे आणि पुढे न तुटणारे आम्ल आहे. कोळसा त्याला जवळजवळ अडवत नाही, आरओ मात्र बऱ्याच प्रमाणात अडवतो. डेन्मार्कने २०२५ मध्ये याच कारणावरून फ्लुओपायरम असलेली उत्पादने मागे घेतली. टीएफए केवळ फवारणीतून येते असेही नाही. नव्या मोटारींच्या एसीत भरला जाणारा १२३४वायएफ हा वायू हवेत तुटून त्याचे टीएफए होते आणि ते पावसाबरोबर खाली येते. फवारणीच्या वेळापत्रकात पर्याय असतील तेथे गंधकासारख्या जुन्या औषधांकडे वळता येईल, पण तो निर्णय भुरीचा जोर पाहून आपल्या द्राक्ष सल्लागारांशी बोलूनच घ्यावा.

आरओच्या रिजेक्ट पाण्यात मूळ पाण्यातील जवळजवळ सगळे पीफास एकवटलेले असतात. ते भाजीला मुळीच देऊ नये, विशेषतः पालेभाजीला, कारण आखूड साखळीची संयुगे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढून पानांत आणि फळांत साठतात, तर लांब साखळीची बहुतांशी मुळांशीच राहतात. रिजेक्ट पाणी संडासाच्या टाकीला जोडावे. हा आदर्श उपाय नाही, पण खाद्य पिकाच्या मुळाशी ते ओतण्यापेक्षा बरा आहे.

जमिनीबाबत मी उत्साह वाढवणारे काही लिहू शकत नाही. माती धुऊन पीफास काढण्याची पद्धत वाळूमिश्रित जमिनीत चालते. आपल्या काळ्या जमिनीतील बारीक चिकणमाती धुतली तर तिच्यातला चांगला भाग तेवढा वाहून जाईल. माती चारशे अंशांच्या आसपास तापवली तर पीफास वाफ होऊन निघतात, पण मग ती माती राहत नाही, वीटभट्टीचा माल होतो. अमेरिकेतील मेन राज्यात लोरिंग येथील जुन्या हवाईतळाच्या जमिनीवर भांग लावून प्रयोग केले गेले. पानांत काही पीफास आले, पण जमिनीतला साठा त्याने लक्षणीय कमी झाला नाही, आणि कापलेल्या पिकाचे काय करायचे हा प्रश्न नव्याने उभा राहिला. जिवाणूंच्या बाबतीत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ए६ नावाच्या एका जिवाणूने प्रयोगशाळेतील पात्रात शंभर दिवसांत पीएफओए व पीएफओएस ६० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे प्रसिद्ध केले. ते प्राणवायूविरहित, आम्लधर्मी आणि लोह-अमोनियम मोजून घातलेल्या परिस्थितीत घडले होते. बाटलीतून येणारे कल्चर ठिबकमध्ये सोडून निफाडच्या जमिनीत तेच घडेल, असे म्हणणाऱ्याकडे आधी आणि नंतरचे, मापनी ताईंनी सांगितलेल्या पद्धतीचे अहवाल मागावेत. खरोखर दूषित आढळलेल्या जमिनीत सध्या करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे चूर्ण कोळसा मिसळून पीफास जागच्या जागी बांधून ठेवणे, म्हणजे ते पिकात आणि विहिरीत कमी उतरतात. ते जमिनीतच राहतात, हे विसरू नये.

आता आपला पहिल्या दिवसाचा प्रश्न : अडकलेले रसायन जाते कुठे? वापरलेला कोळसा घातक कचरा म्हणून आपल्याकडून रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्राकडे जाईल. तेथे तो पुरला, तर पुढेमागे लिचेटमधून, म्हणजे कचऱ्यातून झिरपणाऱ्या पाण्यातून, पीफास पुन्हा पाण्यात येण्याची शक्यता राहते. जाळला, तर भट्टीचे तापमान ११०० अंश किंवा त्याहून अधिक आणि वायूंना तेथे पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. कमी तापमानात अर्धवट तुटलेली फ्लोरीनयुक्त संयुगे धुराड्यातून बाहेर पडतात.

नष्ट करण्याच्या इतर पद्धती खऱ्या आहेत, जाहिरातीपुरत्या नाहीत, पण प्रत्येकीला स्वतःचे दुखणे आहे. पाणी ३७४ अंश आणि २२१ बारच्या पलीकडे नेले की ते द्रवही राहत नाही आणि वायूही. अशा पाण्यात प्राणवायू सोडला तर पीफास काही सेकंदांत तुटतात. मात्र त्यातून निघणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल पोलादालाही खाते आणि क्षार साचून नळ्या तुंबतात. बोरॉन मिसळलेल्या हिऱ्याच्या इलेक्ट्रोडने विद्युत-ऑक्सिडीकरण करता येते, पण पाण्यात क्लोराइड असेल तर परक्लोरेट हा दुसरा उपद्रवी पदार्थ तयार होतो. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये डीएमएसओ या द्रावकात कॉस्टिक सोडा घालून ८० ते १२० अंशांवरच पीएफओए तुटते हे दाखवले, आणि त्याचे कौतुक योग्यच होते. तीच युक्ती पीएफओएसवर चालली नाही, कारण त्याच्या टोकाला वेगळा गट असतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये पीफास फॉस्फेट क्षाराबरोबर गोळ्यांच्या चक्कीत दळून त्यांतला फ्लोरीन उपयोगी क्षाराच्या रूपात परत मिळवला. मला व्यक्तिशः ही दिशा सर्वांत आश्वासक वाटते, कारण तीत द्रावक लागत नाही आणि फ्लोरीन फेकून द्यावा लागत नाही.

या साऱ्या पद्धतींना दाट माल लागतो. लिटरला काही नॅनोग्रॅम असलेले विहिरीचे पाणी कोणीही ३७४ अंशांपर्यंत तापवणार नाही. आधी कोळसा, रेझिन किंवा फेस-विलगीकरणाने लाखो लिटरांतले पीफास काही लिटरांत आणायचे आणि मग ते लिटर नष्ट करायचे, असा दोन टप्प्यांचा क्रम लावावा लागतो. फेस-विलगीकरण म्हणजे दूषित पाण्यात बारीक हवा सोडून वर आलेला फेस काढून घेणे. लांब साखळीसाठी ते स्वस्त आणि चांगले आहे, आखूड साखळीसाठी नाही. अंबडकर साहेबांच्या पहिल्या धुण्याच्या टाकीत माल आपोआपच दाट असतो. म्हणून नष्ट करण्याचे यंत्र कधी नाशिकमध्ये आलेच, तर त्याची जागा अंबड आणि सातपूरच्या सामायिक व्यवस्थेत आहे, निफाडच्या बांधावर नाही.

सिन्नरकर

चर्चा तंत्राची चालू आहे, पण खर्च कोणाचा हे कोणी लिहिले नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००मध्ये, पीफासची मर्यादाच नाही, त्यामुळे मोजण्याचे बंधनही कोणावर नाही. दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात पीएफओएस २००९ मध्ये आले, पीएफओए २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस हे आणखी एक पीफास २०२२ मध्ये. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२० मध्ये या करारातील ज्या सात रसायनांना मान्यता दिली, त्यांत पीएफओएस नव्हते. युरोपात मात्र जानेवारी २०२६ पासून पिण्याच्या पाण्यात वीस पीफासची बेरीज लिटरला १०० नॅनोग्रॅमच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. आपली द्राक्षे तिकडेच जातात, तेव्हा प्रतिनिधीने तो प्रश्न सहज विचारला असेल असे मला वाटत नाही.

इटलीच्या व्हेनेतो प्रांताचे उदाहरण पाहावे. त्रिस्सिनो येथील मितेनी कारखान्यामुळे तेथील भूजल दूषित झाल्याचे २०१३ मध्ये उघड झाले, पाणीपुरवठ्यावर कोळशाचे गाळणथर बसवावे लागले, कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला आणि २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने अकरा माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. तोपर्यंत गाळणथरांचा खर्च मुख्यतः पाणीपट्टी आणि कर भरणाऱ्यांनीच सोसला. त्याच कारखान्याची यंत्रसामग्री महाराष्ट्रातील एका कंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम येथे आणली, तेव्हा हा विषय आपल्यासाठी सातासमुद्रापलीकडचा राहिलेला नाही. आपल्याकडे मलशुद्धीकरण केंद्राचा गाळ शेतात खत म्हणून देण्याचा आग्रह अधूनमधून होतो. मेन राज्याने २०२२ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली, कारण तेथील शेतकऱ्यांच्या विहिरी आणि दूध त्याच गाळाने दूषित झाले होते. असा गाळ उचलण्याआधी त्याचा पीफास अहवाल मागण्याचा ठराव ग्रामसभेत करता येतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सायखेडकर

सिन्नरकर साहेबांची ठरावाची सूचना पुढच्या ग्रामसभेत मांडतो. विक्रेत्याला संच नको म्हणून कळवले आहे. शेजारच्या दोन बागाईतदारांशी बोलणे झाले असून तिघांत मिळून नमुने पाठवण्याचा विचार आहे. आमची विहीर, त्यांच्यापैकी नदीपासून सर्वांत लांब असलेली एक विहीर आणि नदीचे पाणी, एवढे पुरेसे होईल का, आणि ते ऑक्टोबर छाटणीच्या आधी घ्यावेत की नंतर?

मापनी

तीनही ठिकाणे योग्य आहेत. लांबच्या विहिरीचा आकडा नदीकाठच्या विहिरीपेक्षा बराच कमी आला, तर स्रोत नदीकडे आहे असे म्हणण्याला आधार मिळेल. दोन्ही सारखे आले, तर पाऊस, फवारणी आणि घरगुती सांडपाणी यांच्याकडे पाहावे लागेल. टीएफएची चाचणी ५३३च्या यादीत नसते, ती वेगळी सांगून करून घ्यावी. पूर चालू असताना घेतलेल्या नमुन्यात सर्व काही पातळ झालेले असते, म्हणून पहिला संच पाऊस ओसरल्यावर पण छाटणीनंतरच्या फवारण्या सुरू होण्याआधी घ्यावा आणि दुसरा एप्रिल-मे महिन्यात, नदीत मुख्यतः केंद्रांचेच पाणी वाहत असताना. खर्चामुळे एकच संच शक्य असेल, तर उन्हाळ्यातला घ्यावा. मातीचा नमुना सध्या पाठवू नये. पाण्यात काही आढळले, तरच पुराचा गाळ जेथे जाड बसला होता त्या ओळींतला वरचा एक वीतभर थर आणि गाळ न पोहोचलेल्या उंचवट्यावरचा तेवढाच थर, असे दोन नमुने वेगवेगळ्या स्वच्छ फावड्यांनी घ्यावेत.